चतुःसीमा

खानापूरच्या तालुका कचेरीच्या फाटकाशी
झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल. एक पाय विटेवर.
पाटीवर तीनच शब्द: मोडी वाचून मिळेल.
खाली कन्नडातही तेच,
रंगाऱ्यानं आपणहून लिहिलं, पैसे घेतले नाहीत.

द्यामव्वा आली ती पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी,
तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात कागद घेऊन.
"ओदू अण्णा," म्हणाली, आणि उकिडवी बसली.

मौजे हडलखोल, कर्यात...
इथं कसर लागलीय,
परगणेही तिनंच खाल्लं...
सुभे विजापूर.

"विजापूर? तिकडं आमचं कोण न्हाई."

नसेल. पण तेव्हा तुझं शेत विजापुरात होतं,
जागचं न हलता.
त्याआधी ते बारा हजारात होतं. पलसिगे बारा हजार.
पलीकडं कुंडी तीन हजार,
आणि बेळगाव म्हणजे नुसतं वेणुग्राम सत्तर.
हजार काय? गावं? होन? घोडे?
मोजणारे गेले, आकडा तेवढा राहिला.

मग कुणी साखळी ओढत आलं,
एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे सोळा आणे,
चिखलातसुद्धा पुसता येईना अशी वजाबाकी.
कुलकर्ण्याचा शानभोग झाला, शानभोगाचा तलाठी,
तलाठ्याचं आता काय म्हणतात ते मलाही
दारावरची पाटी वाचूनच कळतं.

तिच्या दुसऱ्या कागदावर म्हैसूरचं दोन तोंडांचं पाखरू.
एक तोंड इकडं, एक तिकडं.
माझा बाप याच कचेरीत कारकून होता.
छप्पन सालच्या नोव्हेंबरात नवे शिक्के वेळेवर आले नाहीत,
एकोणीस दिवस त्यानं लाल शाईनं
मुंबई खोडून म्हैसूर लिहिलं.
शाई मुंबईचीच, असं म्हणायचा,
आणि हसायचा नाही.

दर एक नोव्हेंबरला मी दंडाला काळी फीत बांधतो, टेबल बंद.
तिचा थोरला त्या दिवशी लाल-पिवळा झेंडा घेऊन
याच फाटकापुढून जातो.
ते आम्ही बोललो नाही.
चहा आला. तिनं बशीत ओतून मला आधी दिला.

शेवटी चतुःसीमा:
पूर्वेस ओहोळ. दक्षिणेस कामू गुरवाचा बांध.
पश्चिमेस फणस.
उत्तरेस सूर्यचंद्राची शिळा.

ती खुदकन हसली.
ओहोळ पाइपात गेला. फणस रस्त्यात गेला.
गुरवाचा बांध आहे, गुरवाचा पणतू आहे,
दर पेरणीला चार बोटं सरकतो,
त्याच्यासाठीच तर कोर्ट.
"आणि कल्लू? ती माझ्या न्हाणीत हाय की."

शनिवारी गेलो. तांब्याभर पाणी तिनंच मारलं.
चंद्र धुण्यानं झिजून गेलेला,
सूर्य अजून बरा, गाय आणि वासरू निम्मं.
खाली ओळी. कन्नड, पण फार जुनं.
मला येत नाही. तिला तर कुठलंच येत नाही.

"काय म्हणतंय?"

काहीतरी मोजलंय, म्हटलं. कुणाला तरी दिलंय.

"मला?"

मी बोटानं साबणाचा फेस बाजूला केला, पुन्हा बघितलं.
तेवढ्यात नळ आला.
तिनं मला सरकायला सांगितलं
आणि भिजलेली वाकळ सूर्यावर आपटली.