हळू

फैलाका बेटावरच्या जुन्या गढीत, सकाळी साडेसहाला,
नेरिस चाळणीतली खापरं मोजत होती
तोंडातल्या तोंडात, तिच्या वेल्शमध्ये.
मी शेजारी बसून एका काठाचा व्यास काढत होतो.
त्री, पेद्वार, पिम्प. माझं लक्ष नव्हतं.
साइथ. पेन्सिल जरा अडखळली.
उइथ.
नाउ.
मी म्हणालो, नऊ?
ती म्हणाली, नाउ.
मधे खापरांचा ढीग, आणि वारा कुवेतकडून.

त्याच आठवड्यात एक पिन निघाली, काशाची,
अंगरखा खांद्याशी अडकवायची,
करंगळीएवढी, कमान मोडलेली.
असल्या पिना गलातांकडे असत, नेरिस म्हणाली.
गलात म्हणजे?
केल्टच. उतरत उतरत अनातोलियात पोचलेले,
मग ज्या राजाचा पगार, त्याच्या फौजेत.
म्हणजे एखादा इथंही आला असेल, पहाऱ्याला?
असेल. वहीत लिहू नकोस.

नाही लिहिलं. पण दुपारभर तो माझ्यासमोर बसून होता,
उन्हानं सोललेलं नाक, ग्रीक शिव्या तेवढ्या शिकलेला,
मचूळ पाणी पीत, घरी पैसे
कुणाच्या हाती धाडावेत या विचारात.
(हे शेवटचं मी घातलं. ते माझं आहे.)

मी विचारलं, एवढे लोक गेले कसे
आयर्लंडपासून अनातोलियापर्यंत? घोडे किती लागले असतील?
नेरिस हसली. सगळे गेलेच कुठं?
पुष्कळसे होते तिथंच होते, आपापल्या बांधावर.
शेजाऱ्याकडे बरी तलवार आली,
त्याची मुलगी सून म्हणून आणली,
ज्याचं मीठ, त्याचे शब्द घेतले उधार,
आणि एका पिढीत पोरं झोपेत
वेगळंच काही बरळायला लागली.
हाडं तीच. नदीचं नावही कधीकधी तेच.

मला अबू मिश्अल आठवला, आमचा पहारेकरी.
चिल्लर फिल्स मोजताना तो अजून रुबिया म्हणतो.
रुपया इथून जाऊन साठ वर्षं झाली,
शब्द खिशात राहून गेला.

माझ्या हातून या खड्ड्यात एकच शब्द सांडला.
पहिल्या वर्षी मोतालिबचं खुरपं फार धावायचं
आणि मी वरून ओरडायचो, हळू!
मोतालिब सिल्हेटचा. त्यानं तो तिलकला दिला.
तिलक धनगढीचा, त्याला वाटलं, अरबी असेल.
तिलककडून रईस शुक्रीनं उचलला, हिंदी समजून,
आणि शुक्री आता नव्या पोरांना ब्रश धरायला शिकवतो:
हल्लू, या वलद, हल्लू.
परवा धक्क्यावर जनरेटर उतरवताना
अबू मिश्अल ओरडला तेच.
मी मागं वळून पाहिलं.
मला कुणी हाक मारली नव्हती.

मार्चअखेर माझा करार संपतो. मी वेंगुर्ल्याला जाईन.
पुढं कधीतरी कुणी विद्वान हा शब्द
या बेटावर उकरून काढेल, आणि मांडेल
की समुद्रमार्गे मराठी टोळ्या आल्या असाव्यात,
मोठ्या संख्येनं, बहुधा सशस्त्र.
एकच माणूस होता, बाबा.
कंबर दुखायची. खापरं काढायचा.

काल पिन कापसात गुंडाळून डबीत ठेवली.
झाकण जरा घट्ट होतं, मी दाबायला गेलो,
तर नेरिसनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली तो शब्द.
तिचा ळ चुकला.
पण इतरांसारखा नाही चुकला:
वेल्शमध्येही एक अवघड ल आहे,
जिभेच्या कडेनं वारा सोडतात तसा,
परक्यांना जन्मात जमत नाही म्हणतात.
त्या ल कडे झुकत चुकला.