आज धुवायच्या नाहीत

सामना संपला की बारा जर्सी माझ्याकडे येतात,
उलट्या, गोळा झालेल्या, जड.
एकवीस वर्षं झाली, मी वासावरून ओळखते:
ही नऊ नंबर, लाटवियाची इल्झे, गुडघ्याला लवंगेचा बाम चोळते;
ही सतरा, कीओना,
हरली की हिच्या जर्सीच्या गळ्यावर दातांचे ठसे.
रक्ताला गार पाणी,
फरशीच्या काळ्या घासाला व्हिनेगर,
बाकी सगळ्याला वेळ.
टोलेडोच्या या हॉलच्या तळघरात
तीन मशीन आणि एक खिडकी.
खिडकीतून गोठलेली मॉमी नदी दिसते,
वहीच्या पानाएवढी.

मंगळवारी वरून चिठ्ठी आली:
ऑथेला, आज धुवायच्या नाहीत.
लिलाव आहे. लोकांना घामासकट हव्यात.
पैसा जामिनासाठी,
काउंटीच्या तुरुंगात ज्या बायका
गुन्हा शाबीत व्हायच्या आधीच बसून आहेत,
पाचशे नाहीत म्हणून,
सातशे नाहीत म्हणून.

चिठ्ठी दोनदा वाचली.
रिकाम्या मशीनचं झाकण लावलं.

माझी बहीण वर्डेल एकोणचाळीस दिवस आत होती.
साडेसातशे डॉलर.
आईनं गळ्यातली साखळी गहाण टाकली,
घरात तेवढाच एक डाग.
तरी दोनशे कमी पडले.
वर्डेल निर्दोष सुटली.
तोवर नोकरी गेली होती, भाड्याची खोली गेली होती,
आणि तिचा मुलगा माझ्या स्कर्टामागून
तिच्याकडे पाहत होता, पाहुणीकडे पाहावं तसा.
घामाचा पैसा म्हणतात.
आमच्याकडे घाम पुष्कळ होता,
गिऱ्हाईक आलं नाही.

त्या रात्री जिन्यावर पावलं वाजली.
चार नंबर, मारिसोल,
नवी पोर, हंगामभर बाकावर.
जर्सी कोरडी, घडीसुद्धा मोडलेली नाही.
म्हणाली, "माझ्यावर कोण बोली लावणार?
घामच नाही."
मला हसू आलं, तिला रडू येत होतं,
म्हणून मी हसू आवरलं आणि
टॉवेलांच्या पोत्याकडे बोट केलं.

नऊ पोती. बेचाळीस पायऱ्या.
पोर जर्सी घालूनच चढली-उतरली.
तिसऱ्या पोत्याला श्वास फुलला,
पाचव्याला तिनं स्पॅनिशमध्ये
जिन्याच्या आईचा उद्धार केला,
सातव्याला पाठ ओली, चार आकडा पाठीला चिकटलेला.
शेवटचं पोतं आम्ही दोघींनी उचललं.
माझेही दोन थेंब त्या कापडावर पडले असतील.
मी पुसले नाहीत.

लिलावात एका दंतवैद्यानं नऊ नंबर घेतला, अकराशेला.
जामीन म्हणजे काय, हे इल्झेनं
आठवड्यापूर्वीच मला विचारलं होतं.
काचेत लावणार म्हणे तो, दवाखान्यात.
"धुतली नाही ना?" त्यानं मला विचारलं.
मला!
एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं,
आणि विचारलं ते हे.
मी मान हलवली. पैसे मोजताना त्याचे हात स्वच्छ होते,
पण पैसे खरे होते, हेही सांगायला हवं.

चार नंबर तीनशे चाळीसला गेला,
एका बस चालवणाऱ्या बाईकडे.
तिनं जर्सी नाकाशी धरली आणि म्हणाली,
"हिनं जीव तोडून खेळलंय."
मारिसोलनं माझ्याकडे पाहिलं.
मी छताकडे.

एकूण आकडा फळ्यावर लिहिला, टाळ्या झाल्या.
कुणीतरी सांगितलं, एकोणीस जणी सुटतील.
मी हिशोब करून पाहिला,
वर्डेलचे एकोणचाळीस दिवस
त्यात कुठे बसेनात.

घरी येऊन तिला फोन केला, सगळं सांगितलं,
चिठ्ठी, पोती, दंतवैद्य, आकडा.
ती बराच वेळ गप्प होती,
मागे तिची केटली शिट्टी घालत होती,
ती उठली नाही.
मग म्हणाली,
"त्या पोरीचा पाय जिन्यावर घसरला नाही ना?"