वजावट

कडोलीच्या खाली, मार्कंडेयच्या काठाला
सातेरीमामांच्या सात गुंठे भातात
आम्ही दगड पेरलाय.
खडी नव्हे. खडी फोडून उरतं ते पीठ,
इतकं बारीक की मुठीत धरलं तर कळत नाही
हात कुठं संपला.

मामा बांधावर उभे, गालात तंबाखू:
"काय करूलास गे पोरी? शेताला पावडर लावूलास?"
सांगितलं, हवेतला धूर पावसात विरघळतो,
पाऊस जरा आंबटतो,
आंबट पाणी दगडाला चाटतं,
चाटता चाटता दोघांचं तिसरंच काही होतं
आणि ते पुन्हा हवेत जात नाही, हजारो वर्षं.
मामा थुंकले. "म्हंजे सोयरीक की."
वहीत लिहिलं नाही मी,
पण याहून नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दगड इथलाच. साडेसहा कोटी वर्षांमागं
उत्तरेकडून तापून वाहत आला,
थरावर थर,
आणि बेळगावच्या अल्याडपल्याड कुठंतरी दमला.
गोकाकच्या वाटेला लागलात की कड्यांचा काळा रंग जातो,
गुलाबी येतो.
ही एक हद्द अशी
की तिच्यासाठी कुणी फलक रंगवला नाही,
रात्रीतून कुणी पुसलाही नाही.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र दोन लिप्यांत:
आकडा बसवंत लिहितो, कन्नडात,
गाव मी लिहिते, मराठीत.
भांडणं होतात ती थेंबावरून.

पाटाचं पाणी चंचुपात्रात. मिथिल ऑरेंजचे दोन थेंब.
पाणी हळदीसारखं पिवळं.
वरून आम्ल सोडायचं, मोजत, श्वास धरून,
आणि एका थेंबाला
कुणी कान पिळल्यासारखं पाणी तांबूस होतं.
दगड न टाकलेल्या वाफ्याचं सतराव्या थेंबाला,
टाकलेल्याचं एकोणिसाव्याला.
दोन थेंब.
हंगामभर चिखल तुडवून एवढीच कमाई,
तीही एखाद्या आठवड्यात उलटीच येते.

महिनाअखेरीला बंगळूरहून कोष्टक येतं.
दूरदेशीच्या कुणी विमानप्रवासाचं पाप
आमच्या टनांत तोलून विकत घेतलेलं असतं,
म्हणून वजावट चोख हवी:
क्रशरची वीज वजा,
टिपरचं डिझेल वजा,
मामांनी न सांगता फेकलेला युरिया, तोही वजा.
शेवटचा रकाना, इतर.

क्रशर टेकडीमागं. तिथं लुमाण्णा एकोणीस वर्षं जाळीखाली उभा होता,
तोंडाला टॉवेल, टॉवेलाला पाण्याचा शिपका.
आता घरीच असतो. उशा रचून, बसून झोपतो.
पीठ न्यायला गेलो तेव्हा त्याच्या ओसरीवर चहा झाला.
मी तीच सोयरीक पुन्हा सांगितली, जरा उत्साहात.
तो ऐकत राहिला, मग छातीवर बोट ठेवून म्हणाला,
"हितंबी तोच दगड हाय.
ओल हाय. हवाबी हाय.
मग हितं का इरघळत न्हाई गे?"

बसवंत बशीकडं बघत राहिला.
मला रसायनशास्त्रात पहिला वर्ग आहे.

हस्ताचा पाऊस पडून गेला. पाट भरून वाहिले,
मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला,
पश्चिमेच्या समुद्रानं धाडलेलं पाणी
पूर्वेच्या समुद्राकडं निघालं,
आमचे दोन थेंब पोटात घेऊन.
तिकडं त्यांचे शिंपले होतील. होऊ देत.

इतरच्या रकान्यात मी लुमाण्णा लिहिलं.
दुसऱ्या दिवशी निरोप: हे एकक नाही, कृपया आकडा द्यावा.

मग आम्ही दोघं पुन्हा त्याच्या ओसरीवर गेलो,
घड्याळ लावलं, मोजलं.
निवांत बसलेल्या माणसाचे श्वास, मिनिटाला, एकतीस.
बसवंतनं आकडा लिहिला.
खाली मी गाव.