कोण आलंय?

पतसंस्थेची नोटीस आली त्या दिवसापासून
एकोणीस दिवस आम्ही बोललो नव्हतो.
तालमीतल्या मित्राला हा जामीन राहिला,
सही करून आला,
आणि मला कळलं ते पोस्टमनकडून.

तसा घरात आवाज होता.
डब्याचं झाकण मी जरा जोरात लावायचे,
दारात मोटरसायकल तो जरा जास्त वेळ चालू ठेवायचा.
शिरोलीच्या फौंड्रीतून रात्रपाळी करून आला की
चहा कट्ट्यावर, झाकलेला.
पिऊन कप विसळून पालथा घालायचा.
एवढाच आमचा पत्रव्यवहार.

आणि त्यात गौर आली.

पंचगंगेच्या घाटावरून घरापर्यंत बोलायचं नाही
ही आमच्या घरची रीत.
यंदा ती पाळायला काहीच कष्ट पडले नाहीत.

सासूबाई होत्या तोवर त्या उंबऱ्याच्या आतून विचारायच्या,
'कोण आलंय?'
'गौर आलीया.'
'कशाच्या पावलांनी?'
'सोन्याच्या पावलांनी.'
मग भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या, पायावर पाणी घालायच्या.
त्यांच्या मागं हे काम लेकीकडं गेलं.
लेक आता हैदराबादला. रजा नाही.

बाहेर मी, कळशीत तेरड्याचे डहाळे.
आत हा एकटा, तांब्या धरून.
जिन्यावरून बघणाऱ्या हौसाक्का.
आतून विचारल्याशिवाय गौर घरात येत नाही,
आणि विचारायचं म्हणजे बोलायचं.

किती वेळ गेला कोण जाणे.
हात भरून आला.
मग खाकरला.
भट्टीच्या धुरानं बसलेला आवाज:
'कोण आलंय?'

'गौर आलीया.'

'कशाच्या...'
पुढचं आठवेना.
पन्नास वर्षं आईच्या तोंडून ऐकलेलं, आठवेना.
'चालत आलीस काय, घाटावरनं?
एवढं वजन घेऊन?'

सोन्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं.
मी म्हणाले, 'चालत.'

नवऱ्यानं बायकोच्या पायावर पाणी घातलेलं
आमच्या गल्लीत कुणी बघितलेलं नाही.
ते पाय गौरीचे, असं समजायचं.
त्यानं टाचेच्या भेगा बघितल्या.
तांब्या रिकामा झाला तरी वाकलेलाच होता.

सणानं संसार सुधारतो असं मी म्हणणार नाही.
माझ्या जावेनं, शेवंतानं, मागच्या साली
एक्कावन्न पोळ्या लाटल्या
आणि तिचा नवरा भरल्या ताटावरून उठला.
गौर तिच्याकडंही आली होती. सोन्याच्याच पावलांनी.
मी एवढंच बघितलं, की दुसऱ्याचं वाक्य मिळालं
म्हणून ह्याला तोंड उघडता आलं.

रात्री शेपूची भाजी, भाकरी, अळूवडीचा नैवेद्य झाला
आणि आम्ही भांडलो.
नीट, मोठ्यानं, कागद मांडून:
चार लाख वीस हजार, व्याज वेगळं.
गौरीच्या पुढ्यात.
समई दोनदा वाढवली.
मध्येच त्यानं विचारलं, 'वडी उरल्या काय?'
उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शंकरोबा येतो,
बायकोला न्यायला.
दरवर्षी एक दिवस उशिरा.
कपिलतीर्थाच्या मंडईतून हा घेऊन आला,
पिशवीत नाही, दोन्ही हातांत धरून,
आणि चपला काढून दारातच थांबला.

शंकरोबाला कुणी काही विचारत नाही. तशी रीत नाही.
पण तो हलेचना.
पुरणाच्या हातानं मी बाहेर आले.
'कोण आलंय?'

'जामीनदार,' म्हणाला.

मी हसले नाही. हौसाक्का हसल्या, वरून.
मी हात पदराला पुसला,
तांब्या उचलला
आणि त्याच्या पायावर पाणी जरा जास्तच ओतलं.
गार.