बारावा वायसर

रात्री दहाला दहा मिनिटं होती, तेव्हा तन्वेश गावसचा फोन.
मी साखळीला, ताटावर. बांगड्याचा काटा बोटांत.
"मॅडम, अकराच भरतात.
स्टोअरमधून बारा काढलेले. बारावा नाही."

कागदावर वॉशर. आमच्या तोंडात वायसर.
वजन दोन ग्रॅम, भोक सहा मिलिमीटरचं.
आणि ज्याच्या पोटात तो असेल किंवा नसेल
ते साडेपाच टनांचं हेलिकॉप्टर
गुरुवारी सकाळी ताब्यात द्यायचं होतं.

तो गप्प बसू शकला असता.
हे मला फोन ठेवल्यावर सुचलं
आणि मग झोप लागेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी स्वतः हात घालायची गिअरबॉक्समध्ये.
लग्नातल्या मेंदीतूनही दिसत होतं नखांतलं ग्रीस.
आता फक्त सही करते,
निळ्या शाईने, रोज चाळीसेक ठिकाणी,
आणि प्रत्येक सहीत म्हणत असते
की जे मी पाहिलं नाही ते मी पाहिलं आहे.
म्हणजे, पाहणाऱ्याला पाहिलं आहे.
नोकरी एवढीच.

सकाळी होंड्याच्या हँगरमध्ये ते उभं,
पाती उतरवलेली, झाकणं काढलेली,
इस्पितळात कपडे बदलायला सांगितलेल्या माणसासारखं
थोडं संकोचून.

वरून फोन. "किती तास?"
"मिळेपर्यंत."
"म्हणजे किती?"
"म्हणजे मिळेपर्यंत, सर."
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

इनासिन कुलासो आरसा घेऊन आत शिरली,
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, पण हातभर दांड्याचा.
दर पंधरा मिनिटांनी आतून:
"हांगा ना."
मग थोडं पुढून:
"हांगाय ना."
जमिनीच्या पट्ट्या उचलल्या, तारांचे झुबके सोडवले,
आणि मिळाला काय, तर तांदळाएवढा
शंखाचा तुकडा.
कुठल्या किनाऱ्यावरून, कुणाच्या बुटाला चिकटून आला
देव जाणे. इनासिनने तो पिशवीत घातला,
नोंदवहीत लिहिलं: शंख, एक नग.

तन्वेश दोन दिवस शेपटीपाशी उभा.
त्याला कुणी बोलायचं नाही असं मीच सांगितलं होतं,
आणि कुणी बोललं नाही,
आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं, हे मला कळायला
दुसरी संध्याकाळ उजाडावी लागली.
(संध्याकाळ उजाडत नाही. ती उजाडली.)
मग मी त्याला चहा नेऊन दिला. दोघंही टेल रोटरकडे बघत प्यायलो.
साखर नव्हती त्यात. त्याने सांगितलं नाही.

तिसऱ्या सकाळी गेटवरून वॉचमनचा फोन:
एक पोरगा, पायात चपला, पास नाही, मूठ उघडत नाही.

केरीच्या ओहोळावर आईने पँट आपटली
तर दगडावर टण्ण वाजलं.
दुमडलेल्या पायात होता. तीन दिवस
त्याच्याच घोट्याशी.

त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला. ओला. साबणाचा वास.
मी व्हर्नियर काढला, कारण काढावाच लागतो.
आतून, बाहेरून, जाडी. भिंगाखाली बॅच नंबर.
जुळला.
मग मी उभी होते ती बसले.

अहवालात एक रकाना असतो: मूळ कारण.
मी लिहिलं: पँटची दुमड.
परत आलं. सविस्तर लिहा.
लिहिलं: पँटची दुमड, उजवी.

उपाय म्हणून वाळपईच्या शिंप्याकडे त्रेचाळीस पँटी गेल्या.
दुमड कापून, शिवून, पायाला तीस रुपयांत दोन्ही.
बिल एक हजार दोनशे नव्वद.
लेखा विभागाने विचारलं, कोणत्या खात्यावर टाकायचं?
शिवणकामाचं खातं आमच्याकडे नाही.
मी लिहिलं, मुख्य रोटर.
मंजूर झालं.

हेलिकॉप्टर सोमवारी गेलं, चार दिवस उशिरा.
शंखाचा तुकडा अजून कपाटात आहे, पिशवीत, क्रमांकासह.
हरवलेलं मिळालं तर काय करायचं
यावर नियम आहे, साडेतीन पानी.
न हरवलेलं मिळालं तर, यावर नाही.