जनरल

कशात एमबीए, असं पहिल्यांदा विचारलं
जेलरोडच्या गिरणीवाल्या तिडकेंनी,
भुवईवरचं पीठ पुसत.
मी म्हटलं, जनरल.
म्हणजे कशातच नाही तर,
ते म्हणाले, आणि पट्टा चढवला.

बरोबरच होतं म्हणा त्यांचं.
मार्केटिंगची पोरं कॉलेजरोडला कॉफी पीत
एकमेकांनाच काहीतरी विकत असतात.
आम्ही सतरा जण, सव्वासहाची बॅच,
सगळ्यातलं थोडं थोडं.
सिन्नरच्या कारखान्यातला एक शिफ्ट इन्चार्ज,
हजेरी झाली की बसल्या बसल्या
दहा मिनिटं झोपून घेणाऱ्या पिंगळेबाई,
आणि मी, अंबडहून डिस्पॅच उरकून आलेली,
बोटांना अजून पॅकिंग टेपची चिकट.

धात्रक सर साठा शिकवतात.
किती ठेवावा, कधी मागवावा,
कशाला म्हणावं अ, कशाला ब, कशाला क.
फळ्यावर एक रेघ चढते, एक उतरते,
भेटतात तिथे ते खडू आपटतात:
इथे. इथेच थांबायचं.
मला त्या ठिपक्यावर आई दिसते,
स्टुलावर बसलेली, डोक्यावर पाटी:
रेवती किराणा व जनरल स्टोअर्स.
तो शब्द आमच्या घरी
माझ्याआधी आला होता.

प्रोजेक्टला दुकानच घेतलं.
कंपनी मिळाली नाही, खरं सांगायचं तर.
जानेवारीतल्या एका रविवारी
शटर अर्धं ओढून मोजायला बसले.
साबण, अ. तेलाचे पाऊच, अ.
शाईच्या बाटल्या नऊ. लोकरीची सुई, एकटीच.
कंदिलाच्या वाती, दीड डझन.
या कोण घेतं?
देवळालीगावची एक बाई.
कधी आली होती?
आईने कॅलेंडरकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.
शिमग्याच्या आधी. मागच्या.
मी लिहिलं, मृत साठा.
काय लिहिलंस गं?
काही नाही. क.

मग उधारीची वही. तीत नावं नाहीत.
निळं गेट, ८४.
प्रेसवाला रातपाळी, ३१०.
चष्मेवालीचा धाकटा, पेन पट्टी, ४२.
मी रकाने आखले: तीस दिवस, साठ, नव्वद, त्यापुढे.
सगळी गर्दी त्यापुढेमध्ये.
पुस्तकात याला बुडीत म्हणतात, मी सांगितलं.
बुडीत कसं, आई म्हणाली,
निळं गेट उभं आहे की अजून.

रात्री गल्ल्यापाशीच वाचते.
थोड्या अंतरावर नोटा छापतात
आणि मी पाठ करते
की आजचा रुपया उद्याच्या रुपयाहून मोठा.
मध्येच कोणी येतं, एक शाम्पूची पुडी मागतं,
सुट्टे नाहीत म्हणतं,
रुपया उद्यावर जातो.

एप्रिलात तोंडी परीक्षा.
पुण्याहून आलेले परीक्षक,
उन्हाने लाल, ताक पीत पानं उलटत होते.
शिफारस तुमचीच ना, वाती काढून टाकाव्यात?
हो सर.
जानेवारीत अठरा, विक्री शून्य,
आणि शेवटच्या यादीत छत्तीस?
मला माहीत नव्हतं.
यादी आईने मोजून दिलेली, मी नुसती टाइप केलेली.
पंख्याखाली सगळी पानं एकदम फडफडली.
मालकाचा निर्णय, सर, मी म्हटलं.
ते हसले की ताक सांडलं म्हणून तोंड वाकडं केलं,
कळलं नाही.

द्वारकेला बस अर्धा तास अडकली.
घरी पोचेपर्यंत चांगलाच राग धरला होता.
आई लिमलेटच्या बरण्या पुसत होती.
वाती बनवणारा बंद करतोय म्हणाला,
मग घेऊन ठेवल्या, म्हणाली.
ती आली आणि नसल्या तर?

मी काही बोलले नाही.
स्टूल ओढलं, माळ्यावरचा डबा उतरवला,
सवयीने तळाशी तारीख शोधली.
वातीला तारीख नसते.
डबा खालच्या फळीवर ठेवला,
तिच्या हाताला येईल असा.
परवा कायद्याचा पेपर,
तिसरं युनिट अजून कोरं.