छावणी खाली हलवली

मंगळवारी माळ्यावर एकोणचाळीस अंश झाले.
हे घर थंडीसाठी बांधलेलं,
भिंतीत लोकर, छपराखाली लोकर,
खिडकी एकच, तीही वीतभर उघडणारी.
केटरिंगमध्ये उन्हाळा म्हणजे
दोन शनिवार आणि एक आइस्क्रीमची गाडी
असं धरून कुणीतरी विटा रचल्या.

मी छावणी खाली हलवली.
आधी तोफखाना, बुटांच्या खोक्यांतून,
मग घोडदळ, मग ते चाळीस भालाईत
ज्यांना मी दोन हिवाळे रंगवत होतो.
माणूस अंगठ्याच्या पेराएवढा,
भाला त्याच्या तिप्पट.
जिन्यात तीनदा थांबलो.
फौजेनं विचारलं नाही, का थांबलात.

रंगाचं म्हणाल तर
थेंब पॅलेटवर पडतो आणि म्हातारा होतो.
कुंचला बाटलीपासून गालापर्यंत पोचेतो
त्यावर साय धरते.
अस्तराचा फवारा मारला अंगणात,
तो हवेतच वाळला
आणि पायदळावर पिठासारखा बसला,
अख्खी पलटण जणू गिरणीतून आली.
धुवायची तर नळीनं पाणी वापरायला बंदी.
राहू दे. ते आता पीठवाले.

शेवटी आंघोळीचा टब.
गार पाणी कमरेपर्यंत,
टबावर आडवी इस्त्रीची फळी,
फळीवर हिरवं कापड, कापडावर
एक ओढा, दोन कुंपणं
आणि एक लढाई, जी कुठल्याच शतकात झाली नाही.
मी चड्डीवर. सेनापतीला शोभत नाही,
पण सेनापतीला बघतंय कोण.

ग्विलिम येत नाही.
डॉक्टरनं त्याला दारापर्यंतच सोडलंय,
वय एक्क्याऐंशी, छातीत यंत्र.
आठ मैलांवर, त्याच्या स्वयंपाकघरात
हाच ओढा, हीच कुंपणं.
आम्ही फोनवर लढतो.
तो फासे टाकतो, मला खडखड ऐकू येते.
"सहा," म्हणतो. पुन्हा "सहा."
तिसऱ्यांदाही सहा.
मी विचारत नाही.
दर तासाला एक चाल, असं ठरलंय.
मधे तेवढीच विश्रांती, असं आम्ही म्हणतो.

बुधवारी, दोनच्या चालीला, त्यानं फोन उचलला नाही.
मी घंटा मोजल्या. सात. अकरा.
फळीवर माझा कप्तान तलवार उगारून थांबलेला,
त्याला थांबायची सवय आहे.
मला नाही.
तसाच ओला उठलो, पँट शोधली,
गाडीची किल्ली, एकच बूट,
तेवढ्यात फोन वाजला.
"रसद बघायला गेलो होतो," म्हणाला.
रसद म्हणजे फ्रीज.
दार उघडं टाकून, आत डोकं घालून,
गोठलेल्या वाटाण्यांच्या पिशवीवर गाल टेकून उभा होता,
आणि तिथेच, लोण्याशेजारी, त्याचं सगळं घोडदळ.
"गोंद सुटायला लागला रे.
घोडे एकीकडे, माणसं एकीकडे."
मी त्याला शिव्या दिल्या. सभ्य, पण भरपूर.
त्यानं ऐकून घेतल्या. मग म्हणाला,
"तुझी चाल."

संध्याकाळी पाहिलं तर खिडकीतल्या भालाइतांचे
भाले मऊ पडून वाकलेले,
चाळीसच्या चाळीस, एकाच बाजूला,
वाऱ्यातल्या जवासारखे.
उकळत्या पाण्यात बुडवले की सरळ होतात,
पण उकळत्या पाण्याचं नाव नको आज.
नियमपुस्तकात याला कलम नाही.
ग्विलिमला कळवलं: एक पलटण,
शत्रू समोर नसताना, घामाच्या धारातीर्थी.
तो म्हणाला, मोजू नकोस,
हा गनीम दोघांचाही. तह करू.

रात्री तीनला चोवीस अंश.
फरशी पहिल्यांदाच गार लागली.
दिवा लावला, भिंग ओढलं,
शून्य नंबरचा कुंचला जिभेवर टोकदार केला
(वाईट सवय, फार जुनी)
आणि तोफेजवळच्या पोऱ्याच्या कोटाला
एक बटण दिलं.
रंग ओला राहिला, चक्क,
दुसरं देईपर्यंत.
मग तिसरं.
मग कुंचला चुकून चहात बुडवला,
तोच चहा प्यायलो,
आणि सहाला ग्विलिमला फोन करायचा म्हणून
पाचपासून घड्याळ बघत बसलो.